परसातले ११ भोपळे, वेल वाळत आलाय. कधी तोडू, कसे ठेवू आणि दसऱ्याचे घारगे का बिघडले?

परसबाग_धायरी
८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार.

आमचं घर धायरीत, तळमजल्यावर. मागे १२ बाय १८ फुटांचं परस आहे. जूनच्या मध्यावर पहिला दमदार पाऊस झाला तेव्हा तिथे लाल भोपळ्याच्या ४ बिया टोकल्या. मंडईतून आणलेली फोड चिरताना निघालेल्या बिया होत्या, राख लावून ठेवलेल्या. दोन वेल जगले. आळ्यात शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, बाकी काही घातलं नाही. श्रावण संपेतो वेलांनी परस भरून टाकलं, कुंपण ओलांडलं आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर चढले. शेजारी भले, त्यांनी चढू दिले.

आधी नुसती नर फुलं यायची, त्यांची भजी झाली. मग मादी फुलं लागली, पण त्यांच्या बुडाशी असलेलं बोराएवढं फळ दोन दिवसांत पिवळं पडून गळायचं. पावसात मधमाश्या फिरकत नव्हत्या. मग मी स्वतःच सुरू केलं. सकाळी साडेसहाला, मुलाची शाळेची बस यायच्या आत, नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागांचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. ज्या फुलाला हात लावला त्याच्या देठाजवळ लोकरीचा तुकडा बांधायचा. ऑगस्टला लाल, सप्टेंबरला निळी, ऑक्टोबरला पिवळी. तारखा वहीत लिहिल्या आहेत. त्यानंतर फळं धरली.

आज वेलावर ११ भोपळे आहेत. लाल लोकरीचे ४, निळ्या लोकरीचे ४, पिवळ्याचे ३. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पसरली आहे, बुंध्याकडची पानं वाळून कुरकुरीत झाली आहेत, शेंड्याकडे मात्र अजून हिरवं आहे.

आता खरं दुखणं. बारावा भोपळा मी दसऱ्याला कापला. सगळ्यांत मोठा तोच होता, ५ किलो ८०० ग्रॅम. निळ्या लोकरीचा, वहीत ८ सप्टेंबर लिहिलेलं. वरून केशरी झाक आली होती म्हणून काढला. सासूबाई वाईहून आल्या होत्या, त्यांच्यासाठी घारगे करायचे होते. कापला तर आतला गर फिका पिवळा, काकडीसारखा वास, बिया पातळ आणि पोचट. कुकरला शिजवला तर पाणीच पाणी. गूळ घातल्यावर आणखी सैल झाला, मग कणीक घालतच गेले. घारगे चिवट झाले, तेल प्यायले आणि भोपळ्याची चव कुठेच नव्हती. सासूबाईंनी ताकाबरोबर एक खाल्ला. “भोपळ्याला वेळ द्यायला हवा होता,” एवढंच म्हणाल्या. मला ते फार लागलं. चार महिने रोज सकाळी त्या वेलाजवळ उभी राहिले होते मी.

सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं, फोनवर विचारणं जमत नाही. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी, ५ डिसेंबरला, त्या पुन्हा येतायत. नैवेद्याला याच वेलाच्या भोपळ्याचे घारगे असावेत अशी माझी फार इच्छा आहे. तर हे ११ आता काढू का? थंडी पडायच्या आत काढावेत असं व्हिडिओत सांगतात. ठेवायचे कुठे, किती दिवस टिकतात? आणि तिघांच्या घरात ११ भोपळ्यांचं करायचं काय?

कात्रजचा_घाट
८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

थंडीचं मनावर घेऊ नका. ते व्हिडिओ हिम पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे एका रात्रीच्या हिमात वेल काळा पडतो, फळाला डाग पडून ते सडतं, म्हणून त्यांची घाई. आपल्याकडे नोव्हेंबरात रात्री १४-१५ अंशांपर्यंत उतरतं, त्याने भोपळ्याला काही होत नाही.

अंगठ्याचं नख सालीत दाबून बघा. नख रुतलं तर कच्चा. नख घसरलं, नुसता ओरखडा उमटला, तर तयार. ही परीक्षा भोपळ्याच्या बुडाकडे करा, दर्शनी बाजूला ओरखडे नकोत. आणि आजपासून वेलाला पाणी बंद.

मी स्वतः तर सगळे एकदम काढून वेल उपटतो आणि त्या जागी मेथी टाकतो. जागा मोकळी होते, भुरीही पसरत नाही.

शिंकाळं
९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

तुमची लोकर वाचली आणि चहा गार होऊ दिला. ज्याच्याकडे फूल धरल्याची तारीख आहे त्याला भोपळ्याचं निम्मं उत्तर आधीच मिळालेलं असतं.

माझं वय ७१. माहेर भोर तालुक्यातलं, राहते सहकारनगरला, शाळेत ३० वर्षं विज्ञान शिकवलं. माहेरच्या घरात ओटीवर आढ्याला शिंकाळी टांगलेली असत, प्रत्येकात एकेक भोपळा. दिवाळीला वर चढलेला भोपळा शिमग्यापर्यंत खाली उतरत असे. कोणता आधी उतरवायचा ते फक्त माझी आजी सांगायची. बाकी कुणी शिंकाळ्याला हात लावत नसे.

आधी तुमचा दसऱ्याचा भोपळा बघू. ८ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर म्हणजे ३४ दिवस. फूल धरल्यापासून फळ पुरतं भरायला ४५ ते ६० दिवस लागतात. पहिल्या महिन्याभरात ते नुसतं फुगतं. तुम्हाला वाटतं झाला मोठा. आकार तिथेच थांबतो आणि खरं काम मग आत सुरू होतं. गर घट्ट होतो, पिष्टमय पदार्थ साठतात, रंग चढतो, बियांत मगज भरतो. तुमच्या बिया पोचट निघाल्या, तिथेच फळाने सांगितलं की मी अर्ध्या वाटेवर होतो. त्यात तुमचा हात चुकला म्हणायला जागा नाही. त्या गराचे घारगे कुणाच्याही हातून चांगले झाले नसते.

आणि ही दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. वेलावर पुरता पिकलेला भोपळासुद्धा तोडला त्या दिवशी गोड लागत नाही. ठेवल्यावर आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होत जाते. तीन-चार आठवडे गेले की तोच भोपळा वेगळा लागतो. तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या ते हेच असणार. आमची आजी म्हणायची, भोपळा वेलावर एकदा पिकतो आणि आढ्याला दुसऱ्यांदा.

आता तुमच्या लोकरी. लाल लोकरीचे चारही ७० दिवसांच्या पुढे गेले आहेत. ते आज-उद्या काढा. काढण्यापूर्वी देठ बघा. हिरवा, रसरशीत देठ वाळून फिकट, लाकडासारखा आणि खरखरीत झाला असेल. देठाजवळचा तणावा, तो स्प्रिंगसारखा वळलेला दोरा, वाळलेला असेल. सालीची चकाकी जाऊन वर भस्म लावल्यासारखी पांढुरकी झाक येते. जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा होतो. एवढं जुळलं की पुरे. थापटून आवाज ऐकणारे पुष्कळ असतात, पण नवख्या माणसाने त्यावर विसंबू नये.

दव सुकलं की, दहाच्या सुमाराला, धारदार सुरीने काढा. पिळून तोडू नका. फळाला तीन-चार बोटं देठ राहू द्या. तो देठ म्हणजे बाटलीचं बूच आहे. तो मुळापासून निघाला की तिथून ओल शिरते आणि महिन्याभरात भोपळा आतून बसतो. म्हणूनच देठाला धरून भोपळा कधी उचलायचा नाही. दोन्ही हातांनी, खालून, तान्ह्या मुलाला घेतो तसा.

धुवायचा तर मुळीच नाही. माती वाळू द्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. नंतर ८-१० दिवस उन्हात. गॅलरीत दुपारी ऊन येत असेल तर तिथे पोतं टाकून ठेवा, रात्री आत घ्या, हल्ली पहाटे दव असतं. या दिवसांत साल टणक होते, बारीकसारीक ओरखडे भरून येतात. ऑक्टोबरचा उकाडा याला सर्वांत चांगला, पण नोव्हेंबरचं दुपारचं ऊनही पुरतं. त्यानंतर माळ्यावर, पेंढा किंवा जुन्या गोधडीवर, एकमेकांना न टेकता. नुसत्या फरशीवर नको, बंद कपाटात नको, अख्खा भोपळा फ्रिजमध्ये तर कधीच नको, १० अंशांखालची थंडी त्याला मानवत नाही. दर आठ दिवसांनी हातात घेऊन फिरवून बघायचा. चांगला राखलेला चार महिने सहज जातो.

निळ्या लोकरीचे चार: वहीत तारखा बघा. ५० दिवस झालेले आणि देठ वाळलेले असतील ते काढा. बाकीच्यांच्या आसपास हिरवी पानं असतील तोवर राहू द्या, ती पानंच त्यांना पोसतायत. कात्रजकरांचं सगळे एकदम काढायचं मला पटत नाही. मेथीला आठवडाभर उशीर झाला तर काही बिघडत नाही, पण भोपळ्याला तो आठवडा पुन्हा मिळत नाही.

पिवळ्या लोकरीचे तीन आता पिकणार नाहीत, वेलात तेवढं बळ उरलेलं नाही. त्यांची वाट बघू नका. कोवळ्या हिरव्या भोपळ्याची भाजी स्वतंत्रच असते. साल काढायची गरज नाही, भिजवलेली हरभरा डाळ, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. त्यालाही एक मान आहे.

एक मात्र नेहमी पाळा. कुठलाही भोपळा कापला की कच्च्या गराचा कपचा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो सगळा टाकून द्या. शिजवून, गूळ घालून कडूपणातला अपाय जात नाही. घरच्या बियांतून क्वचित असा निघतो.

घारग्यांचं दुपारी लिहिते. आता दूधवाला आला.

वऱ्हाडी_पुण्यात
९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मी अमरावतीकडचा, ११ वर्षं झाली वाकडला. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. इथे आल्यावर भाजीवाल्याला कोहळं मागितलं तर त्यानं पेठ्याचा पांढरा कोहळा पुढे केला, तेव्हा कळलं की नाव बदलायला लागेल.

११ भोपळ्यांचं काय करायचं विचारता, तर एक तरी बाकर भाजीसाठी ठेवाच. पिकलेला, घट्ट गराचाच पाहिजे. साल ठेवून मोठ्या फोडी करायच्या, सालीमुळे फोड मोडत नाही. सुकं खोबरं, खसखस आणि तीळ कोरडेच भाजून जाडसर वाटायचे, तेच बाकर. तेल जरा सढळ, त्यात मोहरी आणि मेथीदाणे. मेथीदाणा तांबूस झाला पाहिजे, काळा नाही. मग फोडी, हळद, तिखट, झाकणावर पाणी ठेवून वाफ. फोडी अर्ध्या शिजल्या की बाकर, चिंचेचा कोळ, गूळ, मूठभर चारोळी. पाणी वरून घालायचं नाही. कडेला तेल सुटलं की झाली. माझ्या आईकडे ही भाजी लग्नाच्या पंगतीत असायची आणि पोळीपेक्षा पुरीबरोबर जास्त संपायची.

आणि कोहळ्याचे बोंडही होतात. घारग्यांचंच सारण, फक्त पीठ सैल ठेवायचं आणि हाताने गोळे सोडायचे. थापायची खटपट नाही. ज्यांना घारगे जमत नाहीत त्यांनी यापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

शिंकाळं
९ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

आता घारगे. वऱ्हाडी, तुमची भाजी मी करून बघणार, चारोळी घरात आहे.

परसबाग, कुकर विसरा. वाफेचं सगळं पाणी गरात उतरतं आणि मग ते झाकायला तुम्ही कणीक घालत जाता. पिकलेला भोपळा सोलून किसा. दोन वाट्या दाबून कीस घेतला तर एक वाटी चिरलेला गूळ. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर कीस आधी नुसताच परता, चार-पाच मिनिटं, झाकण न घालता. कच्चा वास गेला आणि कीस मऊ झाला की गूळ. गूळ विरघळला की मिश्रण सैल होईल, घाबरू नका, हलवत राहा, थोडं आळलं की गॅस बंद. इथे मात्र जास्त वेळ रेंगाळायचं नाही. गुळाचा पाक होऊ लागला तर घारगे दुसऱ्या दिवशी दगड होतात.

कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मग कणीक, जेवढी मावेल तेवढीच. दोन ते अडीच वाट्या लागते. पाण्याचा थेंब नाही. भिजवताना गोळा हाताला किंचित चिकटला पाहिजे. तो चिकटपणा जाईपर्यंत कणीक घालत राहिलात की चिवटपणा आलाच. अर्धा तास झाकून ठेवा. केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर तेलाचा हात लावून थापा, पुरीपेक्षा जाड, वर खसखस दाबा. मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलेलं असेल तर गुळामुळे बाहेरून काळपट आणि आत कच्चे, मंद असेल तर तेल पितात. पहिला एकटा तळून, मोडून बघा. मग पुढचे.

लाल लोकरीचा जो उद्या काढाल तो ५ डिसेंबरला २५ दिवसांचा होईल. बरोबर जुळतंय. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे आधी कुणी कापणार नाही.

परसबाग_धायरी
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

काकू, तुमचं लिहिलेलं मी छापून स्वयंपाकघरात लावलं आहे.

आज रविवार होता, दहा वाजता चार लाल काढले. वजनं: ४ किलो ६००, ४ किलो १००, ३ किलो ९०० आणि २ किलो ७००. देठ खरंच लाकडासारखे झाले होते. चौघांवर १ ते ४ नंबर आणि तारीख लिहून गॅलरीत ठेवले. निळ्यांतले दोन ५८ आणि ५५ दिवसांचे आहेत, त्यांचेही देठ वाळलेत, ते ५ आणि ६. उरलेले दोन वेलावर ठेवलेत.

पिवळ्यांतल्या दोघांची भाजी आजच केली, डाळ घालून. मुलाने भोपळा आहे हे ओळखलंच नाही, दुधी समजून खाल्ला.

पण तिसऱ्या पिवळ्यावर टाचणीने टोचल्यासारखी ठिपकी आहे, तिथून डिंकासारखं काहीतरी आलंय आणि आजूबाजूला मऊ लागतंय. हा तेवढा भाग काढून वापरता येईल का? तो जिथे होता तिथलाच निळ्यांतला एक अजून वेलावर आहे, म्हणून काळजी वाटते.

कात्रजचा_घाट
१० नोव्हेंबर, रात्री १०:१०

ती फळमाशी. सालीत अंडी घालते, अळ्या आत गर खात जातात. वापरू नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका, अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि तिथूनच पुन्हा माश्या निघतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि चार दिवस कडक उन्हात ठेवा, मग टाका.

माशी कोवळ्या सालीला टोचते. निळा ५० दिवसांच्या आसपास असेल तर साल टणक झाली असणार. तरी त्याला कागदाची पिशवी किंवा जुना सुती कपडा गुंडाळा. पुढच्या वर्षी फळं बोराएवढी असतानाच हे करा, आणि परसात क्यू ल्यूरचा कामगंध सापळा एक टांगा. त्यात नर माश्या अडकतात. बियाणं विकत घ्यायचं असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सूर्यमुखी नावाचा वाण आहे, फळ किलोभराचं, आणि फळमाशीला दाद देत नाही. तिघांच्या घराला मापही बरोबर.

आणि शिंकाळं काकू, वेल उपटायच्या घाईचं तुमचं म्हणणं पटलं. माझे भोपळे दरवर्षी डिसेंबरात फिके निघतात, त्याचं कारण बहुधा तेच असावं. यंदा तीन वेलावरच ठेवलेत.

गच्ची_कोथरूड
११ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

कापल्यानंतरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो, कापलेला मात्र फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांच्या वर नाही. बिया आणि मधला गाभा आधी काढून टाका, बुरशी तिथूनच धरते. ४ किलोचा भोपळा कापणार असाल तर त्या दिवशी चार घरी फोड द्यायची तयारी ठेवा. आमच्या वाड्यात तशीच पद्धत होती, भोपळा कापला की वाटला. उरलेल्या फोडी वाफवून, गार करून, घोटून एकेक वाटीच्या डब्यांत फ्रीझरला टाका. थालीपिठात, सांबारात, भरतात चालतं. घारग्यांना मात्र ताजा कीसच.

भरीत करताना वाफवलेला गर पूर्ण गार झाल्यावरच दही घाला, नाहीतर पाणी सुटतं. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, चवीला साखर, आणि वर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी. माझ्या घरी बाकी काही नसलं तरी चालतं, भोपळ्याच्या भरताला मोहरी फेसून घातली तर वडील आजही दोनदा वाढून घेतात.

परसबाग_धायरी
७ डिसेंबर, रात्री १०:४०

तुम्हा सगळ्यांना सांगायचंच होतं, दोन दिवस सवड मिळाली नाही.

सासूबाई बुधवारी संध्याकाळी आल्या. मी १ नंबरचा, ४ किलो ६०० चा, त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी देठ चाचपला, मग नख लावलं, मग चिठ्ठीवरची तारीख मोठ्याने वाचली आणि विचारलं, “एवढे दिवस ठेवलास?” मग स्वतःच विळी मागितली. गुडघे दुखतात म्हणून त्या हल्ली खाली बसत नाहीत, पण बसल्या. साल इतकी टणक होती की विळीवर चालेना, शेवटी मोठ्या सुरीने मीच दोन भाग केले. आतला गर दाट केशरी. बिया जाडजूड, टपोऱ्या. सासूबाईंनी कपचा चाखला आणि एक मला दिला. कच्चाच गोड होता.

कीस चार वाट्या, गूळ दोन वाट्या, कणीक पाच वाट्यांना थोडी कमीच लागली. गोळा हाताला चिकटत होता तेव्हा माझा हात पुन्हा कणकेच्या डब्याकडे गेला, पण भिंतीवरचा कागद वाचला आणि थांबले. ४६ घारगे झाले. पहिला फिका राहिला, आच थोडी वाढवली, मग सगळे एकसारखे फुगले. नैवेद्याला ५ ठेवले. सासूबाईंनी तूप घालून तीन खाल्ले आणि शुक्रवारी जाताना डबा भरून वाईला नेला, जावेला दाखवायचे आहेत म्हणाल्या.

एक मोठी फोड टाकीवाल्या शेजाऱ्यांकडे गेली, एक समोरच्या आजींकडे. बाकर भाजी उद्या आहे, चारोळी आणली आहे. फ्रीझरमध्ये सहा डबे. वेलावरचे निळे दोन २० नोव्हेंबरला काढले, ते ७ आणि ८. कापड गुंडाळलेल्याला माशी लागली नाही. वेल त्यानंतर काढला आणि तिथे मेथी उगवून दोन पानांवर आहे.

बिया धुऊन सावलीत वाळवल्यात. यातल्या चांगल्या पुढच्या जूनला लावणार, पण आसपास दुसरा कुणी भोपळा लावत असेल तर पुढच्या पिढीत फळ बदलतं असं वाचलं. खरं का? आमच्या गल्लीत दुधीचे मांडव दोन आहेत.

माळ्यावरच्या सात भोपळ्यांचा फोटो जोडते आहे.

शिंकाळं
८ डिसेंबर, सकाळी ७:०५

फोटो मोठा करून पाहिला. दुधीची काळजी नको, दुधीचा आणि लाल भोपळ्याचा संकर होत नाही. दुसरा लाल भोपळा जवळ असेल तरच मधमाशी घोटाळा करते. ज्या मादी फुलाचं बी धरायचं त्याच्या पाकळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवा, सकाळी सोडून तुमच्याच वेलाचं नर फूल फिरवा आणि परत बांधा. लोकर आहेच तुमच्याकडे. बिया पूर्ण वाळल्यावर बोटांनी दुमडून बघा, कट्कन मोडली तरच बाटलीत भरा, राखेसकट.

काल मीही माझ्याकडचा एक काढला आणि वऱ्हाडींची भाजी केली. मेथीदाणा नेमका तांबूस ठेवला. मुलगा आणि सून दोघांनी विचारलं ही कुठली.

फोटोत उजवीकडून दुसरा, ८ नंबरचा, त्याच्या देठाच्या बुडाशी गडद वर्तुळ दिसतंय. ती सावली नाही, ओल आहे. माळ्यावरून आजच उतरवा आणि बोटाने दाबून बघा. अजून घट्ट असेल तर आजच्या बाकर भाजीला तोच घ्या. बाकीचे त्याच्यापासून हातभर लांब सरकवा आणि ३ नंबर संक्रांतीपर्यंत राहू द्या.

परसबाग_धायरी
८ डिसेंबर, सकाळी ७:४०

उतरवला. देठाजवळ किंचित मऊ आहे, बाकी दगडासारखा. कापला, गर चांगला आहे, फक्त देठाकडचा दोन बोटं काढून टाकला. वासही चांगला आहे, चव घेतली, कडू नाही. खसखस भाजायला ठेवली आहे.